पुणं सोडून रत्नागिरीला राहायला जायचं का? ठरवण्याआधी करायची तपासणी

डिसेंबरात चार दिवस रत्नागिरीत काढले की माणूस घरांच्या जाहिराती बघायला लागतो. हवा कोरडी, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर वारा, सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर ताजा बांगडा, रस्त्यावर गर्दी नाही. हे सगळं खरं आहे आणि ते दर वर्षी मिळतं. पण डिसेंबरात बघितलेल्या घराचा डिसेंबरातच सौदा करू नका. समुद्रकाठच्या शहराची परीक्षा मे आणि जुलै हे दोन महिने घेतात. मे महिना पाणी आणि घाम दाखवतो. जुलै ओल, रस्ते, वीज आणि एकटेपणा दाखवतो. या दोन महिन्यांत तुम्ही तिथे राहू शकलात, तर उरलेल्या दहांची चिंता नाही.

पुढची तपासणी पुण्याहून रत्नागिरीला कायमचं जाऊ पाहणाऱ्या कुटुंबासाठी आहे. अलिबाग, मालवण, वेंगुर्ल्यालाही यातलं बरंचसं लागू पडतं. गावांची नावं आणि अंतरं तेवढी बदलून घ्यावी लागतील.

हवेचा हिशेब

पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो 3000 च्या वर जातो. एकट्या जुलैचा पाऊसच पुण्याच्या वर्षभराच्या पावसाला मागे टाकतो. नुसत्या आकड्यावरून मात्र कल्पना येत नाही. पुण्याचा पाऊस सरळ पडतो. किनाऱ्यावरचा नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्रीचा उपयोग अर्धा, आणि खिडकीवरच्या दीड फुटी छज्ज्याचा त्याहून कमी. म्हणून घराची पश्चिम आणि दक्षिण बाजू आधी बघायची.

उन्हाळ्याचंही गणित वेगळं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण रात्री उतरतो. रत्नागिरीत तो सहसा तेवढा चढत नाही, पण रात्री उतरतही नाही आणि दमटपणामुळे घाम वाळत नाही. कूलर इथे निरुपयोगी आहे, कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. ऑक्टोबरात पुन्हा तीन-चार आठवडे अशीच तलखी असते. एसी, निदान झोपायच्या खोलीत, चैन म्हणून न धरता गरज म्हणून खर्चात धरा.

दमटपणा ज्यांना सोसत नाही त्यांनी हा मुद्दा हलका घेऊ नये. बुरशीमुळे दमा बळावतो, आणि ओल्या कपड्यांनी गजकर्ण, नायट्यासारखे त्वचेचे त्रास होतात. घरात कुणाला दमा असेल तर जुलैत आठ दिवस त्या माणसाला घेऊन राहून या. हॉटेलच्या एसी खोलीत नको, साध्या भाड्याच्या घरात राहा.

शहरात नेमकं कुठे

रत्नागिरीत वरचा भाग आणि खालचा भाग असा फरक आहे, आणि घराचं निम्मं सुखदुःख त्यावर ठरतं. मांडवी, पेठकिल्ला, राजिवडा, मिरकरवाडा, मुरुगवाडा हा खालचा, समुद्राला आणि खाडीला लागून असलेला पट्टा. मारुती मंदिर, माळनाका, साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबाव हा वरचा, कातळावरचा भाग.

खाऱ्या वाऱ्यातलं मीठ कसं वागतं ते समजलं की जागा निवडणं सोपं होतं. लाट फुटली की बारीक खारे तुषार हवेत उडतात. त्यातले जड थेंब पहिल्या काही शे मीटरांतच खाली बसतात, पुढे मिठाचं प्रमाण झपाट्याने कमी होतं. मध्ये झाडी किंवा टेकडी असेल तर आणखी कमी. भाट्याच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन वारा आणि वाळू अडवतं, त्यामुळे त्याच्या आडोशाचं घर आणि उघड्या किनाऱ्यावरचं घर यांच्या ग्रिलची अवस्था एकसारखी नसते. समुद्र दिसणाऱ्या घराचा मोह सगळ्यांना होतो. आमचं स्पष्ट मत असं की रोज समुद्रावर फिरायला जायचं आणि राहायचं दीड-दोन किलोमीटर आत, वरच्या अंगाला. समुद्र तेवढाच मिळतो आणि लोखंडी वस्तू दुप्पट टिकतात.

अगदी काठावरची जागा बघत असाल तर भरतीचं कोष्टक हातात घेऊन जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमाराला भांगाची. जून ते ऑगस्टमधल्या उधाणाला, वारा समुद्राकडून असताना, भरतीच्या वेळेला तिथे उभं राहून पाणी कुठवर येतं ते स्वतः बघा. मिऱ्याच्या किनाऱ्याची धूप वर्षानुवर्षं चालू आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज तिथल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर येऊन आदळलं होतं. समुद्राच्या ताकदीचा अंदाज घ्यायला तेवढं पुरे.

मिरकरवाडा आणि राजिवडा ही मच्छीमारांची कामाची ठिकाणं आहेत. पहाटे बोटींचा, लिलावाचा आवाज असतो, मासळी सुकते तिचा वास असतो. तो त्या लोकांचा रोजगार आहे. हे चालणार नसेल तर दुसरा भाग बघा. तिथे घर घेऊन मग तक्रारी करू नका.

वरच्या भागाची उणीव एवढीच की चढ-उतार आहेत. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना बाजार, दवाखाना आणि देऊळ सपाट रस्त्यावर मिळतं का, हे त्यांच्याबरोबर चालून ठरवा. कोकण रेल्वेचं स्टेशन गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, कुवारबावच्या बाजूला आहे, हेही हिशेबात धरा.

घर बघताना

इथे घाई करू नका. सोबत एक नाणं, टॉर्च आणि लहान हातोडी घ्या. फिरण्याचा क्रम खालून वर.

पार्किंगमधल्या खांबांचे पायथे आधी बघा. उभी, सरळ रेषेत जाणारी भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग असेल, तर आतली सळई गंजायला लागली आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. प्लास्टर करून रंग दिला की भेग वर्षभर झाकली जाते, गंज मात्र आत वाढतच राहतो. नवा रंग फक्त खांबांच्या पायथ्याला किंवा छज्ज्याच्या खालच्या बाजूलाच दिलेला दिसला तर शंका घ्या.

मग प्रत्येक छज्जा, बाल्कनीची खालची बाजू, न्हाणीघराचं छत आणि गच्चीवरची टाकी. नाण्याने हलके टकटक करा. भरीव काँक्रीटचा आवाज कोरडा, घट्ट येतो. सुटलेल्या थराचा आवाज मडक्यासारखा पोकळ येतो. एका फ्लॅटमध्ये हाताच्या पंज्याएवढे दोन-तीन पोकळ ठिकाणं निघाली तर दुरुस्तीच्या बोलीवर भाव करता येतो. सगळ्या छतभर तसा आवाज येत असेल तर ते घर सोडून द्या.

भिंतीला लोणा लागलाय का ते बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर जमिनीतून ओल चढते आहे. तीच भुकटी भिंतीच्या वरच्या भागात असेल तर पाऊस बाहेरून आत येतोय, किंवा बांधकामाची वाळूच खारी आहे. खाडीची वाळू नीट न धुता वापरली की त्यातलं मीठ काँक्रीटमध्ये कायमचं राहतं आणि सळई गंजायला समुद्राचीही गरज उरत नाही. बांधकाम व्यावसायिकाला वाळू कुठली, की क्रशची (दगड भरडून केलेली), हे सरळ विचारा.

नव्या इमारतीत काँक्रीटची प्रत आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण विचारा. भारतीय मानक 456 प्रमाणे किनाऱ्याच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट 'तीव्र' गटात येतं. त्याला किमान एम-30 प्रत (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि सळईवर 45 मिलिमीटर आवरण लागतं. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम-35 आणि 50 मिलिमीटर. आतल्या शहरातल्या सवयीने एम-20 किंवा एम-25 वापरून 25 मिलिमीटर आवरण दिलेली इमारत पहिली काही वर्षं अगदी छान दिसते. आवरण कमी असलं की मीठ आणि पाणी सळईपर्यंत लवकर पोचतात, बस. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव आणि नकाशावरची ही टीप बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

शेजाऱ्यांच्या एसीचे बाहेरचे युनिट ही इमारतीजवळची सगळ्यात प्रामाणिक साक्ष आहे. युनिटच्या बाजूला स्टिकरवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं. ते वाचा, मग मागची ॲल्युमिनियमची पाती बघा. तीन वर्षांच्या युनिटची पाती बोटाने दाबताच पिठासारखी गळत असतील आणि पत्र्याला भोकं पडली असतील, तर तुमच्या फ्रिजचं, गिझरचं आणि कुलपांचं भविष्य तुम्हाला कळलं. आठ वर्षांचं युनिट धड असेल तर जागा सुखाची. स्टिकर उन्हाने पुसला असेल तर घरमालकाला बिल विचारा, लोक सांगतात.

खिडक्या: लोखंडी चौकट नको. जाड पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा चांगलं सागवान. लोखंडी ग्रिल असलीच तर वेल्डिंगचे जोड बघा, गंज तिथूनच धरतो. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांचं, घर असेल तर लक्षात ठेवा की जांभा दगड पाणी पितो. पश्चिमेची भिंत गिलावा नसलेली आणि छप्पर तीन फूट तरी पुढे आलेलं नसेल, तर जुलैत आतली भिंत ओली होणारच. जुन्या कौलारू घरांची पागोळी इतकी पुढे काढलेली असते ती याचसाठी.

हे सगळं जमलं तर दुसरी भेट जुलैच्या उत्तरार्धात, सलग तीन दिवस पाऊस पडल्यावर ठेवा. कपाटं भिंतीपासून ओढून मागे बघा, गादी उचला, कोपऱ्यात नाक लावा. चाळीस-पन्नास लाखांचा निर्णय असतो, संकोच करू नका.

पाणी

एवढा पाऊस पडूनही मेमध्ये टंचाई का? जांभ्याच्या कातळात पाणी मुरतं तसंच झिरपून निघूनही जातं आणि उतार सरळ समुद्राकडे. शहराला मुख्यतः शीळ धरणातून पाणी येतं. एप्रिल-मेमध्ये धरण तळाला गेलं की पुरवठ्यात कपात होते. म्हणून विचारायचे प्रश्न असे: नळाला मेमध्ये किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येतं, इमारतीची जमिनीखालची टाकी किती लिटरची, विहीर किंवा बोअर आहे का, आणि टँकर मागवावा लागतो का. चार माणसांच्या घराला काटकसरीने रोज 500 लिटर लागतात. तीन दिवस पाणी आलं नाही तरी चालेल अशी, म्हणजे फ्लॅटमागे 1500 लिटरची साठवण हवी.

काठावरच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं, आणि जास्त उपसा केला की लवकर सरकतं. एकदा विहीर खारावली की एका पावसात ती पूर्ववत होईलच असं नाही. त्यामुळे पाण्याची तपासणी पावसाळ्यानंतर न करता एप्रिलअखेरीला करा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 500 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत आणि क्लोराईड 250 च्या आत असेल तर चांगलं. दुसरा पर्यायच नसेल तर टीडीएस 2000 आणि क्लोराईड 1000 ही वरची मर्यादा आहे. साध्या टीडीएस मीटरने पहिला अंदाज येतो, पण बोअरचं पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्या.

वीज आणि इंटरनेट

पहिल्या वळवाच्या वाऱ्यात झाडं तारांवर पडतात, आणि खाऱ्या थरामुळे खांबावरचे इन्सुलेटर पहिल्या पावसात ठिणग्या टाकतात. घरून काम करणाऱ्याने दोन वेगळ्या कंपन्यांचं कनेक्शन (एक फायबर, एक मोबाइलवरचं) आणि राउटरसकट चार-पाच तास चालेल असा इन्व्हर्टर धरून चालावं. कुठल्या मोबाइल कंपनीचं नेटवर्क त्या घरात, दारं बंद करून, मुसळधार पावसात चालतं हे बघा. कातळावर चालतं आणि उतरणीच्या आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) चालत नाही, असं इथे गल्लीगणिक होतं. सौर बंबावर जुलै-ऑगस्टमध्ये भिस्त ठेवू नका, गिझर लागतोच.

दवाखाना आणि घाट

साठीच्या पुढच्या माणसांनी बाकी सगळं वाचण्याआधी हा भाग वाचावा.

रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, खासगी दवाखानेही आहेत. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तरीही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा खास तज्ज्ञासाठी बरेच लोक कोल्हापूर गाठतात. ते आंबा घाटातून साधारण 130 किलोमीटर, चांगल्या दिवशी तीन-साडेतीन तास. पावसात, रात्री, धुक्यात याला किती लागतील ते धरून चालता येत नाही. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता खचला आणि अवजड वाहनं बंद झाली होती. त्याच पावसात चिपळूण पाण्याखाली गेलं आणि कोकण रेल्वेही थांबली.

म्हणून स्वतः दवाखान्यांत जाऊन विचारा. रात्री दोन वाजता हृदयविकाराचा झटका आला तर अँजिओप्लास्टी इथे होते का, की रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन पुढे पाठवतात? पक्षाघाताच्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत द्यायचं इंजेक्शन आणि सीटी स्कॅन रात्री उपलब्ध आहे का? डायलिसिस लागणारा रुग्ण असेल तर ठरलेल्या दिवसाची जागा मिळते का? व्हेंटिलेटर असलेली ॲम्ब्युलन्स कुणाची? उत्तरं, नावं आणि फोन नंबर एका कागदावर लिहून ठेवा. घरात हृदयरोगी किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेलं कुणी असेल, तर ते उपचार संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

कातळावर आणि दगडी गडग्यांत (कुंपणांत) फुरसं हा विषारी साप आढळतो. चपलेशिवाय आणि टॉर्चशिवाय रात्री अंगणात जायचं नाही, दाराशी लाकडं आणि चिरे रचायचे नाहीत. चावलं तर करकचून बांधणं, कापणं, मंत्र असलं काही न करता हात किंवा पाय स्थिर ठेवून थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं. भारतात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस फुरशाच्या विषावरही चालते. पावसात शेतातल्या, चिखलातल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरल्यावर ताप आला तर डॉक्टरांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) शक्यता आपणहून सांगा.

पुण्याला परत यायचं तर रस्त्याने 300 किलोमीटरच्या वर, सात-आठ तास. कऱ्हाडवरून कुंभार्ली किंवा आंबा घाट. मुंबईला रेल्वे सोयीची: मांडवी एक्स्प्रेस, कोकणकन्या, जनशताब्दी, वंदे भारत. मात्र कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याला लागतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं. गाड्या हळू चालतात आणि वंदे भारतचे दिवस कमी होतात. जुलै 2024 मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आल्यावर मार्ग जवळजवळ 24 तास बंद होता. गणपतीची तिकिटं 60 दिवस आधी आरक्षण उघडताच काही मिनिटांत संपतात. वर्षाकाठी पुण्याच्या किती फेऱ्या नक्की होणार हे मोजा: आईची तपासणी, ऑफिसची बैठक, लग्नं. दर फेरीला दोन दिवस धरा. फेऱ्या बारांच्या वर जात असतील तर तुमचं आयुष्य अजून पुण्यातच आहे. स्थलांतर दोन-तीन वर्षं पुढे ढकला.

पोटापाण्याचं आणि मुलांचं

मासेमारी, आंबा-काजू प्रक्रिया, पर्यटन, सरकारी कार्यालयं, शाळा-कॉलेजं आणि काही मोजके मोठे कारखाने, एवढ्यावर रत्नागिरीचा रोजगार उभा आहे. दोघांपैकी एकाची नोकरी घरून करण्यासारखी असेल, तर दुसऱ्याला इथे काय मिळेल ते आधी शोधा. घर हलवल्यानंतर शोधायला बसलेला जोडीदार सहा महिन्यांत वैतागतो.

मुलांच्या दहावीपर्यंतच्या शिक्षणाची काळजी नाही. बारावीनंतर गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, फिनोलेक्सचं अभियांत्रिकी महाविद्यालय, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. निवड पुण्याइतकी नाही. नववी-दहावीत मुलाला उचलून आणू नका. पाचवी-सहावीच्या आधी आणा किंवा बारावी होऊ द्या.

खाऱ्या हवेचा वार्षिक खर्च

हा खर्च कुणी आधी सांगत नाही म्हणून इथे मांडतो.

बाहेरच्या भिंतींना रंग: पुण्यात सहा-सात वर्षं चालतो, इथे तीन-चार. एसी घेताना कंडेन्सर तांब्याच्या नळीचा आणि पात्यांवर गंजरोधक लेप असलेला घ्या. बाहेरचं युनिट समुद्राच्या उलट भिंतीवर लावा आणि ऑक्टोबर ते मे दर महिन्याला गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. पावसाळ्यात पाऊसच ते काम करतो. स्क्रू, बिजागऱ्या, कड्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या. 304 वर काठाला चहासारखे डाग पडतात. फर्निचर समुद्री प्लायचं (भारतीय मानक 710 चा शिक्का बघून), एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड एका पावसात फुगतं. कपाटं भिंतीपासून तीन इंच लांब.

दुचाकीची साखळी दर 300-400 किलोमीटरला तेल मागते. चारचाकीला मेअखेरीला खालून गंजरोधक लेप द्या. वाळूवर गाडी नेली तर त्याच दिवशी खालून धुवा. बंद ठेवलेला टीव्ही किंवा लॅपटॉप चालू असलेल्यापेक्षा लवकर बिघडतो, कारण उबेने ओल बाहेर पडते. पावसाळ्यात सगळी उपकरणं दिवसातून तासभर चालवा. कॅमेरा, औषधं, कागदपत्रं हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. झोपायच्या खोलीसाठी दिवसाला 12 ते 20 लिटर पाणी ओढणारं डीह्युमिडिफायर घेतलंत तर दारं-खिडक्या लावूनच चालवा, नाहीतर ते अरबी समुद्र कोरडा करत बसेल. 300-400 रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावा. काटा 70 टक्क्यांच्या वर रेंगाळत राहिला की चामड्यावर हिरवट बुरशी दिसायला लागते.

जमीन घेऊन बांधायचं असेल तर

पहिल्या वर्षात नको, एवढं आधी सांगतो. तरीही घेणार असाल तर चार गोष्टी.

शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो; कुळवहिवाट कायद्याचं कलम 63. पुण्यातला बिगरशेतकरी 'नंतर बघू' म्हणून शेतजमीन घेतो आणि व्यवहारच अडकतो. बिनशेती आदेश हातात असलेला प्लॉट घ्या.

सातबाऱ्यावर कोकणात वीस-तीस नावं असणं नेहमीचं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, वारस नोंदी आणि इतर हक्कातली कुळं तपासा. आंब्या-काजूची झाडं दुसऱ्याच्या नावे नोंदलेली असू शकतात. तीस वर्षांचे फेरफार काढून वकिलाकडून वाचून घ्या.

सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र): समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंत हे नियमन लागू होतं, खाडीकाठी अंतर कमी असतं. शहरातल्या विकसित पट्ट्यातही आधीच्या अधिकृत रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या समुद्राकडच्या बाजूला नवं घर बांधता येत नाही. गावाच्या हद्दीत तर ठराविक पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. मंजूर किनारा आराखड्यावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते लेखी घ्या. 'इथे सगळे बांधतात' या उत्तरावर पैसे देऊ नका, बँक त्यावर कर्ज देत नाही.

आणि रस्ता. प्लॉटपर्यंत फक्त पाखाडी (अरुंद दगडी पायवाट) असेल तर चिऱ्याचा ट्रक येणार नाही. प्रत्येक चिरा माणसाच्या डोक्यावरून जाईल आणि मजुरी दुप्पट होईल. वहिवाट कागदावर आहे का ते बघा.

मिळतं काय

एवढं ऐकून कुणाचा धीर सुटू नये. रोजचे दोन-तीन तास, जे पुण्यात हिंजवडीच्या रस्त्यावर जातात, ते परत मिळतात. ऑगस्ट ते मे ताजी मासळी, आणि दोन महिन्यांची बंदी संपून 1 ऑगस्टला बोटी पुन्हा समुद्रात गेल्या की तिची चव आणखी कळते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, सोडे आणि खाडीची मासळी. पालेभाजी आणि दूध बहुतांशी घाटावरून येतं, त्यामुळे भाजी पुण्याहून महाग पडते आणि घाट बंद झाला की आणखी. हापूस मात्र बागायतदाराच्या दारातून. शहर पायी फिरता येतं, माणसं नावाने ओळखतात, मुलं संध्याकाळी बाहेर खेळतात. लहान मुलांचे आईवडील आणि धडधाकट निवृत्त जोडपी इथे सगळ्यात चांगली रुळतात. तिशीतला, करिअर बदलत राहणारा एकटा माणूस सगळ्यात लवकर परत जातो.

एक वर्ष भाड्याने

पुण्याचं घर विकू नका. ते अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने द्या आणि रत्नागिरीत तितक्याच मुदतीचं घर घ्या. करार मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, म्हणजे पाणीटंचाई, पहिला वळीव आणि पूर्ण पावसाळा एकापाठोपाठ अनुभवता येतो. दिवाळीनंतर सुरू केलेला करार तुम्हाला फक्त गोड महिने दाखवतो आणि मे येईपर्यंत तुम्ही बयाणा देऊन मोकळे झालेले असता.

सामान अर्धंच आणा. पुस्तकं, चामड्याचे सोफे, लोखंडी कपाटं आणि हार्मोनियम पहिल्या वर्षी पुण्यातच राहू द्या. वर्षभर एका वहीत पाच रकाने ठेवा: वीज किती तास गेली, पाणी किती दिवस आलं नाही, दवाखान्यासाठी किती अंतर कापलं, दुरुस्तीला किती पैसे गेले, आणि पुण्याला किती वेळा गेलात. सहावा रकाना घरातल्या प्रत्येकाने स्वतः भरायचा, जुलैच्या अखेरीला: पुढचा पावसाळा इथे काढशील का? त्यात एकाचंही उत्तर ठाम 'नाही' आलं, तर भाड्याचा करार आणखी अकरा महिन्यांनी वाढवा आणि खरेदीचं बोलणं तोवर बंद ठेवा.